मुंबईहून किती लांब, किती वेळ: विमानाचं अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ कसा काढावा

मुंबई ते नागपूर अंतर किती, या प्रश्नाला तीन उत्तरं आहेत आणि तिन्ही बरोबर आहेत. सीएसएमटीहून रेल्वेनं ८३७ किलोमीटर. आमणे इथून सुरू होणाऱ्या समृद्धी महामार्गानं ७०१ किलोमीटर. आणि एका विमानतळापासून दुसऱ्या विमानतळापर्यंत सरळ आकाशातून ६८३ किलोमीटर. वेळेचा गोंधळ याहून मोठा. विमान हवेत जेमतेम सव्वा तास असतं, तिकिटावर दीड-पावणेदोन तास लिहिलेले असतात आणि डोंबिवलीच्या घरातून निघून धरमपेठेतल्या घरी पोचायला सहा तास जातात.

म्हणून पहिली गोष्ट ही, की कुठल्याही दोन शहरांसाठी चार आकडे वेगवेगळे काढायचे: सरळ अंतर, हवेतला वेळ, तिकिटावरचा वेळ आणि घर ते घर वेळ. प्रत्येकाचं काम वेगळं आहे. दोन मार्गांची तुलना करायला सरळ अंतर लागतं. जोडविमान (कनेक्टिंग फ्लाइट) पकडायचं असेल किंवा भरपाई मागायची असेल तर तिकिटावरचा वेळ लागतो. रेल्वेनं जावं की विमानानं, हे ठरवताना मात्र घर ते घर वेळेशिवाय दुसरा कुठलाही आकडा बघू नये. लोक हवेतल्या वेळेची तुलना गाडीच्या पूर्ण वेळेशी करतात आणि तिथेच हिशोब फसतो.

सरळ अंतर: कागदावर कसं काढायचं

शहराचा नाही, विमानतळाचा अक्षांश-रेखांश घ्या. गोव्याला दोन विमानतळ आहेत आणि मोपा हे दाबोळीच्या उत्तरेला सरळ रेषेत सुमारे ४० किलोमीटरवर आहे. लंडनला तर अर्धा डझन आहेत. मुंबईलाही आता दोन झाले आहेत. जुना सहार-सांताक्रूझचा, ज्याचा कोड बीओएम आहे, आणि नवी मुंबईचा एनएमआय, जिथून डिसेंबर २०२५ मध्ये प्रवासी उड्डाणं सुरू झाली. या दोघांत सरळ रेषेत जेमतेम २५ किलोमीटर आहेत. त्यामुळे हवाई अंतराच्या हिशोबात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो रस्त्यावर. त्याबद्दल पुढे.

हिशोबाला लागणारे आकडे असे (आधी उत्तर अक्षांश, मग पूर्व रेखांश):

मुंबई १९.०९, ७२.८७
नागपूर २१.०९, ७९.०५
दिल्ली २८.५६, ७७.१०
कोलकाता २२.६५, ८८.४५
दुबई २५.२५, ५५.३६
लंडन हीथ्रो ५१.४७, उणे ०.४६
न्यूयॉर्क जेएफके ४०.६४, उणे ७३.७८

देशातल्या देशात आणि आखातापर्यंत शाळेतला पायथागोरस पुरतो. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सगळीकडे सुमारे १११.२ किलोमीटर. रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर तेवढाच असतो, पण उत्तरेकडे सरकू लागलो की आकसत जातो. म्हणून त्याला दोन्ही ठिकाणांच्या मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं. हा गुणक १५ अंशांवर ०.९६६, २० वर ०.९४०, २५ वर ०.९०६ आणि ३० वर ०.८६६ आहे. भारतासाठी एवढे पाठ असले तरी भागतं.

नागपूरचं करून बघू. अक्षांशातला फरक २.००, गुणिले १११.२, म्हणजे २२२ किलोमीटर उत्तरेला. रेखांशातला फरक ६.१८, गुणिले १११.२, गुणिले ०.९४, म्हणजे ६४६ किलोमीटर पूर्वेला. दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ: ६८३ किलोमीटर. याच रीतीनं दिल्ली १,१३७ किलोमीटर येते. दुबईला ही रीत १,९२८ सांगते, पृथ्वीची गोलाई धरून येणारं उत्तर १,९२६ आहे. दोन किलोमीटरांची चूक चालवून घ्यायला हरकत नाही.

लंडनला मात्र ही रीत लावू नका. उत्तर ७,५६७ च्या आसपास येतं आणि खरं अंतर आहे ७,२१३. साडेतीनशे किलोमीटर हवेतून उगवले, कारण एवढ्या लांब पल्ल्यावर पृथ्वी सपाट धरता येत नाही. तिथे गोलावरचं सूत्र वापरायचं:

पायरी १. दोन्ही अक्षांशांचे साइन काढा आणि गुणा. ०.३२७१ × ०.७८२३ = ०.२५५९.
पायरी २. दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन, असे तिन्ही गुणा. रेखांशांतला फरक ७२.८७ अधिक ०.४६, म्हणजे ७३.३३ अंश. ०.९४५० × ०.६२२९ × ०.२८६९ = ०.१६८९.
पायरी ३. दोन्हींची बेरीज ०.४२४८. मोबाइलमधल्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर हिचा उलटा कोसाइन (cos⁻¹) घ्या: ६४.८६ अंश.
पायरी ४. गुणिले १११.२. उत्तर ७,२१३ किलोमीटर.

इथे चुका ठरलेल्या तीन होतात. कॅल्क्युलेटर रेडियनवर राहिलेला असतो, मग उत्तर भलतंच येतं. आधी अंशांवर आणा. ग्रीनिचच्या पश्चिमेचा रेखांश उणे धरायला विसरतात. आणि १९ अंश ५ मिनिटं हे १९.०५ असं लिहितात. अंशाची मिनिटं साठ असतात, म्हणून ५ मिनिटं म्हणजे ०.०८. मुंबईचा रेखांश ७२ अंश ५२ मिनिटं आहे. तो ७२.५२ असा घेतला तर विमानतळ थेट अरबी समुद्रात ३६ किलोमीटर आत जाऊन बसतो.

विमानक्षेत्रात अंतर नॉटिकल मैलांत सांगतात. एक नॉटिकल मैल १.८५२ किलोमीटर, आणि अक्षांशाच्या एका अंशाचे साठ नॉटिकल मैल. विमान कंपनीचा मैल हा रस्त्यावरचा १.६०९ किलोमीटरचा मैल समजून गुणलं, तर दिल्ली दीडशे किलोमीटर जवळ येते.

नकाशावरची वाकडी रेघ

भिंतीवरच्या नकाशात मुंबईहून न्यूयॉर्क पश्चिमेला दिसतं. पण सर्वांत जवळच्या वाटेनं जाणाऱ्या विमानाचं तोंड निघताना जवळजवळ उत्तरेला, किंचित पश्चिमेकडे झुकलेलं असतं, आणि ती वाट चढत चढत सुमारे ६५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत जाते. अंतर १२,५३२ किलोमीटर. संत्र्यावर दोन टाचण्या खोचून त्यांच्यात दोरा ताणून धरला की लगेच कळतं: दोरा ताठ असतो, वाकडा नकाशा असतो. सीटसमोरच्या पडद्यावर विमान 'उगाच वर' चाललंय असं वाटतं तेव्हा ते खरं तर सरळ चाललेलं असतं.

पण विमान या रेघेवर तंतोतंत कधीच नसतं. धावपट्टीच्या दिशेनं उड्डाण करून वळायचं, ठरलेल्या हवाई मार्गांनी जायचं, उतरताना पुन्हा रांगेत यायचं, यात सरळ अंतरावर काही टक्के वाढतात. देशांतर्गत उड्डाणाला ५ टक्के धरले की हिशोब जमतो.

याशिवाय बंद आकाशं आहेत. २०१९ मध्ये २७ फेब्रुवारीपासून १६ जुलैपर्यंत पाकिस्ताननं आपली हवाई हद्द बंद ठेवली होती. २४ एप्रिल २०२५ ला भारतीय विमान कंपन्यांसाठी ती पुन्हा बंद झाली. दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या विमानांना याचा मोठा फटका बसतो, कारण त्यांना आधी दक्षिणेला गुजरातकडे यावं लागतं. मुंबईचं विमान मुळात अरबी समुद्रावरूनच बाहेर पडू शकतं, म्हणून त्याला वळसा कमी पडतो. लांबच्या प्रवासाचा जुना वेळ पाठ असेल तर तो नव्यानं तपासा. एखाद्या देशाचं आकाश बंद झालं की महिनोन् महिने वेळापत्रक बदललेलं राहतं.

अंतरावरून वेळ

एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ हे विमान पूर्ण उंचीवर गेल्यावर, वारा नसेल तर, ताशी सुमारे ८३० किलोमीटरनं जातं. लांबच्या पल्ल्याची ७८७, ७७७, ए३५० ही विमानं ९०० च्या आसपास. लहान शहरांना जाणारं पंख्यांचं एटीआर ७२ ताशी ५०० धरा. पण अंतराला थेट ८३० ने भागू नका, नागपूरचं उत्तर ४९ मिनिटं येईल आणि तेवढ्यात विमान कधीच पोचत नाही.

कारण चढ-उतार. वर पोचायला वीस मिनिटं लागतात आणि त्या काळात वेग कमी असतो. उतरण्याचा वैमानिकांचा आडाखा असा, की उंचीच्या दर हजार फुटांमागे तीन नॉटिकल मैल. ३६,००० फुटांवरून उतरायचं तर १०८ नॉटिकल मैल, म्हणजे २०० किलोमीटर आधीपासून सुरुवात. नागपूरच्या ६८३ किलोमीटरांत चढायला दोनशेच्या आसपास आणि उतरायला दोनशे गेले की पूर्ण वेगानं कापायला तीनशेच किलोमीटर उरतात. छोट्या पल्ल्याचं विमान सरासरीत 'हळू' वाटतं ते यामुळे.

तिकिटावरचा वेळ अंदाजायला हे सूत्र वापरा: किलोमीटर भागिले ८०० (तासांत), अधिक ४५ मिनिटं. त्या ४५ मिनिटांत जमिनीवरची सरपट, चढ-उताराची मंद गती आणि मार्गाचा वळसा सगळं येतं.

नागपूर: ५१ अधिक ४५, म्हणजे १ तास ३६ मिनिटं.
दिल्ली: ८५ अधिक ४५, २ तास १० मिनिटं.
कोलकाता (१,६६६ किलोमीटर): १२५ अधिक ४५, २ तास ५० मिनिटं.
दुबई: १४४ अधिक ४५, ३ तास ९ मिनिटं.

वेळापत्रकात बघाल तर यापासून दहा-पंधरा मिनिटं इकडेतिकडे सापडतील. मुंबईहून लंडन किंवा न्यूयॉर्कसारख्या लांब पल्ल्यांना ८०० ऐवजी ८५० ते ८७० घ्या आणि पश्चिमेला जाताना वरून अर्धा ते एक तास धरा. लंडनचं उत्तर साधारण पावणेदहा ते सव्वादहा तास येईल. ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून लंडनला पहिल्यांदा निघालं तेव्हा कैरो आणि जिनिव्हाला थांबत गेलं होतं. अंतर तेच, पण थांबा आला की हा सगळा हिशोब तुकड्या-तुकड्यांनी करावा लागतो: प्रत्येक टप्प्याला स्वतंत्र ४५ मिनिटं.

वारा

जाताना आणि येताना वेळ वेगळा का, याचं मुख्य कारण वारा. हिवाळ्यात उत्तर भारतावर साधारण बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा झोत वाहतो. मुंबई-कोलकाता मार्गाला त्याची दक्षिणेकडची कड लागते. समजा वारा ताशी १०० किलोमीटर आहे. कोलकात्याला जाताना जमिनीच्या हिशोबानं वेग ९३०, म्हणजे १०७ मिनिटं. परतताना ७३०, म्हणजे १३७ मिनिटं. तीस मिनिटांचा फरक, त्याच विमानानं, त्याच अंतराला.

जाताना वाचलं ते येताना गेलं, म्हणजे फिटंफाट, असं वाटतं. तसं होत नाही. वारा नसताना जाऊन-येऊन २४१ मिनिटं, वारा असताना २४४. उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं, म्हणून एकूण प्रवासात वारा थोडा तरी वेळ खातोच. दिल्ली आपल्या उत्तरेला असल्यामुळे तिथे हा वारा बहुतांश आडवा लागतो आणि जाण्या-येण्यातला फरक कमी राहतो.

तिकिटावरचा वेळ म्हणजे काय

विमान गेटवरून मागे ढकललं जाण्यापासून पोचल्यावर दुसऱ्या गेटशी थांबेपर्यंतच्या वेळेला ब्लॉक टाइम म्हणतात. तिकिटावर हाच असतो. ८:०० म्हणजे उड्डाण ८:०० ला नव्हे. ८:०० ला विमान जागेवरून हलतं. फ्लाइटरडार२४ सारख्या ॲपवर दिसणारा वेळ बहुधा चाकांनी धावपट्टी सोडल्यापासून पुन्हा टेकेपर्यंतचा असतो, म्हणून तो तिकिटापेक्षा वीस-तीस मिनिटांनी कमी येतो. ॲपवर त्याच क्रमांकाच्या उड्डाणाचे मागचे सात दिवस बघा आणि सरासरीऐवजी मधला आकडा घ्या. एका दिवशी विमान चार तास रखडलेलं असेल तर सरासरी बिघडते, मधला आकडा बिघडत नाही.

मुंबईच्या ब्लॉक टाइममध्ये कंपन्या मुद्दाम जादा मिनिटं घालतात आणि त्यात गैर काही नाही. जुन्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या, ०९/२७ आणि १४/३२, एकमेकींना छेदतात. त्यामुळे त्या एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत आणि जवळजवळ सगळा भार एकीवरच पडतो. गर्दीच्या वेळी उतरणारी विमानं आकाशात घिरट्या घालतात, निघणारी रांगेत उभी राहतात. त्यासाठी राखलेली मिनिटं वापरली गेली नाहीत की विमान 'वीस मिनिटं लवकर' पोचतं.

वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, दोन्ही धावपट्ट्या देखभालीसाठी एका दिवशी सकाळी ११ ते संध्याकाळी ५ पूर्ण बंद असतात. १७ ऑक्टोबर २०२४ आणि ८ मे २०२५ ला असंच झालं. तारीख आधीच जाहीर होते. त्या दिवशी दुपारचं विमान नसतंच, पण संध्याकाळी पाचनंतरच्या विमानांतही गर्दी तुंबते. त्या दिवसाचं जोडविमान टाळा.

दिल्लीसाठी डिसेंबर-जानेवारीत वेगळा विचार लागतो. एरवी दिवसाचं पहिलं विमान सर्वांत वक्तशीर असतं, कारण ते रात्रभर मुंबईतच उभं असतं. दुसऱ्या कुठल्या शहराची दिरंगाई घेऊन आलेलं नसतं. पण धुक्याच्या दिवसांत पहाटेचं विमान नेमकं दिल्लीच्या धुक्यात पोचतं. त्या दोन महिन्यांत दिल्लीत अकरानंतर उतरणारं विमान घ्या, पण संध्याकाळचं नको. सकाळी अडकलेली विमानं संध्याकाळपर्यंत उशीर ओढत आणतात.

घड्याळ आणि तारीख

तिकिटावर सुटण्याची वेळ सुटण्याच्या शहराची आणि पोचण्याची वेळ पोचण्याच्या शहराची असते. दोन्ही आकड्यांची थेट वजाबाकी केली की चुकलंच. पोचण्याची वेळ आधी भारतीय वेळेत आणा, मग वजाबाकी करा.

दुबई आपल्या दीड तास मागे, वर्षभर. लंडन मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार तास मागे, बाकीचे महिने साडेपाच. न्यूयॉर्क मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेनऊ, एरवी साडेदहा. लंडन आणि न्यूयॉर्कचे बदल एकाच दिवशी होत नाहीत, त्यामुळे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सांध्यावर एक आठवडा त्यांच्यातलं नेहमीचं अंतरही बदललेलं असतं. लंडनमार्गे अमेरिकेला जाणाऱ्यांनी त्या दिवसांत तिकीट दोनदा वाचावं.

उदाहरण घ्या. मुंबईहून पहाटे २:३० ला निघून जुलैमध्ये लंडनला सकाळी ७:४५. त्यात साडेचार तास मिळवा: भारतीय १२:१५. प्रवास ९ तास ४५ मिनिटं. हेच उड्डाण, हाच कालावधी, डिसेंबरमध्ये ६:४५ ला पोचल्याचं दिसेल. विमान एक तास लवकर पोचलं नाही. लंडननं घड्याळ मागे घेतलं.

अर्ध्या तासाचा हा त्रास आपल्या प्रमाणवेळेमुळे, जी ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बेतलेली आहे. मुंबई तिच्या बरीच पश्चिमेला असल्यानं १९५५ पर्यंत शहरात वेगळी 'बॉम्बे टाइम' चालत असे, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. त्या घड्याळावर परदेशाचा हिशोब याहून किचकट झाला असता.

सर्वांत महागडी चूक मात्र तारखेची आहे. मुंबईहून परदेशी जाणारी कितीतरी विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर '१४ तारीख, ०१:००' असेल तर तुम्हाला १३ तारखेच्या रात्री साडेनऊ-दहाला विमानतळावर असायचं आहे. चौदाच्या रात्री बॅगा घेऊन पोचलात तर विमान जाऊन जवळजवळ एक दिवस झालेला असतो. घरातल्या कॅलेंडरवर उड्डाणाची नव्हे, घरातून निघण्याची तारीख आणि वार लिहा. परतीच्या प्रवासात पोचण्याच्या वेळेपुढे बऱ्याचदा 'अधिक १' असतं, म्हणजे दुसरा दिवस. न्यायला येणाऱ्यांना हा 'अधिक १' आवर्जून सांगा.

घर ते घर

मागून पुढे मोजा. देशांतर्गत उड्डाणाचं चेक-इन आणि बॅगा घेणं साधारण ६० मिनिटं आधी बंद होतं, बोर्डिंग गेट २५ मिनिटं आधी. हे शेवटचे क्षण आहेत, पोचण्याच्या वेळा नव्हेत. देशांतर्गतला दोन तास आणि परदेशाला तीन तास आधी टर्मिनलच्या दारात असावं. नुसती हातातली बॅग, वेब चेक-इन आणि डिजियात्रा (चेहरा ओळखून आत सोडणारी सोय) असेल तर देशांतर्गतला दीड तास पुरतो. दिवाळीच्या आणि मेच्या सुट्ट्यांत तेही नको.

टर्मिनल तिकिटावरून बघा, आठवणीवरून नाही. टर्मिनल १ विलेपार्ले-सांताक्रूझच्या बाजूला, टर्मिनल २ सहारला. एकाच कंपनीची काही विमानं पहिल्यावरून तर काही दुसऱ्यावरून जातात. एकातून दुसरीकडे जायला गर्दीत अर्धा तास सहज जातो. आता एनएमआयची भर पडली आहे. स्वस्त तिकीट दिसलं म्हणून बोरिवलीकरानं नवी मुंबईचं विमान घेतलं, तर वाचलेले पैसे टॅक्सीत जातील. उलट पनवेल, खारघर, उलवे, उरणकरांना तोच जवळचा आहे. दक्षिण मुंबईच्या लोकांनी अटल सेतूचा टोल धरून दोन्हींची तुलना करावी.

जुन्या विमानतळापर्यंत जायला मेट्रो ३ हा आता सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. कफ परेडपासून आरेपर्यंतच्या या मार्गावर दोन्ही टर्मिनलांची स्वतंत्र स्थानकं आहेत. कल्याण-डोंबिवली-ठाणेकरांनी लोकलनं घाटकोपर, तिथून मेट्रो १ ने मरोळ नाका आणि तिथे मेट्रो ३ मध्ये बदल करावा; मरोळ नाक्यानंतर लगेच टर्मिनल २ येतं. पश्चिम उपनगरांनी अंधेरीहून मेट्रो १ धरून तोच बदल करावा. स्थानकातून टर्मिनलच्या दारापर्यंत बॅगांसह दहा-पंधरा मिनिटं वेगळी धरा. मध्यरात्रीनंतर मेट्रो नसते, त्यामुळे परदेशी विमानासाठी रात्री उशिरा निघणाऱ्याला टॅक्सीच.

पावसाळ्यात एक सवय लावून घ्या: प्रवासाच्या दिवसाची भरतीची वेळ बघा. साडेचार मीटरपेक्षा उंच भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की अंधेरी सबवेसारख्या जागा पाण्याखाली जातात आणि पूर्व-पश्चिम जाणं ठप्प होतं. अशा दिवशी दीड तास वाढवा. अनंत चतुर्दशीला तर रस्त्याचा विचारच नको.

उतरल्यावर बॅगेला वीस ते तीस मिनिटं, परदेशी प्रवासात इमिग्रेशनसह एक ते दीड तास. आता नागपूरचा हिशोब पूर्ण करू. डोंबिवलीहून विमानतळ दीड तास, आधी पोचण्याचे दोन, विमान १ तास ३५, बॅग अर्धा तास, तिथून घर अर्धा तास. सहा तास पाच मिनिटं. रेल्वेला रात्र जाते, पण ती झोपेत जाते. कामाचा दिवस वाचवायचा असेल तर रात्रीची गाडी विमानापेक्षा चांगली ठरू शकते. दिल्लीच्या बाबतीतही राजधानी सुमारे १,३८५ किलोमीटर संध्याकाळी निघून सकाळी साडेआठच्या सुमारास संपवते. विमानाचे घर ते घर सहा-सात तास दिवसाढवळ्या जाणार असतील, तर दोन्ही पर्याय शेजारी मांडून बघण्यासारखे आहेत.

उशीर झाला तर: इथे ब्लॉक टाइम पैसे ठरवतो

नागरी उड्डाण महासंचालनालयाच्या नियमांत प्रवाशाचे हक्क ब्लॉक टाइमवर बेतलेले आहेत, म्हणून तो आकडा माहीत असणं कामाचं. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा अधिक उशीर होणार असेल तर वेळेत चेक-इन केलेल्या प्रवाशाला खाणं-पिणं द्यावं लागतं. अडीच ते पाच तासांच्या उड्डाणाला हीच मर्यादा तीन तास, त्याहून लांबच्याला चार. म्हणजे मुंबई-दिल्लीला दोन तासांतच हक्क मिळतो, मुंबई-कोलकात्याला तीन तासांनी. देशांतर्गत उड्डाणाचा उशीर सहा तासांपलीकडे जाणार असेल तर दुसरं उड्डाण किंवा पूर्ण परतावा मागता येतो.

पूर्वसूचना न देता उड्डाण रद्द झालं तर परताव्याखेरीज भरपाई आहे. एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांना ७,५००, दोन तासांच्या वर १०,०००. किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यांतलं जे कमी असेल ते. नागपूर ७,५०० च्या गटात, दिल्ली १०,००० च्या. धुकं, वादळ, संप, सुरक्षेचं कारण अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या गोष्टींना ही भरपाई लागू नाही, म्हणून काउंटरवर कारण लेखी किंवा मेसेजवर मागून घ्या. आणि एजंटाकडून तिकीट काढताना मोबाइल क्रमांक एजंटाचा नव्हे, स्वतःचा घालायला लावा. कंपनीकडे तुमचा संपर्कच नसेल तर भरपाईचा दावा उभा राहत नाही. बोर्डिंग पास, मूळ वेळेचं तिकीट आणि उशिराचे मेसेज दावा निकाली निघेपर्यंत फोनमधून पुसू नका.